रिकामा हात

परळच्या रक्तपेढीत रात्रपाळीला
फ्रीजची घरघर आणि मी.
सव्वाबाराला गोवंडीहून आलेली बाई :
तहसीन, वय चोवीस, नववा महिना,
रक्त थांबत नाही.
चिठ्ठीवर गट ओ.

ओ म्हणजे सोपं काम, पिशव्या पडून असतात.
पहिली जुळवली. काचपट्टीवर
नासल्या दुधासारखं लाल फुटलं.
दुसरी. फुटलं.
सहाव्या पिशवीला मी चष्मा पुसला
आणि कर्णिक मॅडम आठवल्या.

रजिस्टरच्या मागच्या पानावर षटकोन काढायच्या मॅडम.
"ही ग्लुकोज. ही गॅलॅक्टोज, दुधातली.
चौथ्या कार्बनवरचा एक हात,
हिचा बाजूला, हिचा वर,
बाकी पत्रिकेसकट सगळं सारखं.
पण शरीर बरोब्बर ओळखतं,
पोळी बघून सासू ओळखते ना, कोणी लाटली ते, तसं."

पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या,
एकेकीच्या टोकाला गॅलॅक्टोज.
तिचा हात धरून फ्युकोज नावाची धाकटी.
दोघीच असल्या तर ओ.
शेजारी दुसरी गॅलॅक्टोज येऊन बसली तर बी,
तिचीच नटलेली चुलतबहीण बसली तर ए.
आणि दहा हजारांत एखाद्याकडे
धाकटी येतच नाही.
हात पुढे करून गॅलॅक्टोज उभी, जन्मभर.
मग ए नाही, बी नाही,
आणि ओसुद्धा परका.

ह्या गटाचं नाव बॉम्बे.
शहराच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले,
एवढं एक राहून गेलं.
रक्तावर रंगारी कुठून चढवणार?

ड्रॉवरमध्ये अकरा नंबरांची यादी.
एक मस्कतला, दोघे वारले,
एकाने मागच्याच महिन्यात दिलेलं.
पाचवा : अनाक्लेत रुमाव, वसई.
दुसऱ्या रिंगला उचलला. "जागाच आहे, बाई. चाफा भरतोय."

साडेतीनला सोनचाफ्याचा टेम्पो
दादर सोडून आमच्या दारात.
"हात चालवा जरा,
सहानंतर ह्याला कुत्रं विचारत नाही."
त्याच्या कोपराशी मी सुई लावली
तेव्हा खोलीत स्पिरिटपेक्षा फुलांचाच वास होता.
नंतर चहा दिला तर म्हणाला, कोरा द्या,
दूध पचत नाही मला, पोट फुगतं.
मी हसले. त्याला वाटलं असेल, बाई झोपेची आहे.
कसं सांगणार,
दुधातल्या दोघींना सोडवणारी कात्री
त्याच्या आतड्यात नव्हती,
आणि रक्तात धाकटी नव्हती.
माणूस मात्र धडधाकट,
टेम्पोत एकटा चाळीस करंड्या चढवणारा.

चाचण्या उरकून पिशवी वर गेली, तेव्हा नऊ वाजत होते.
माझी पाळी आठलाच संपलेली.
वरून फोन : मुलगी, सव्वादोन किलो,
आई शुद्धीवर, पोर छातीशी लागलंय.
मग सिस्टरचा आवाज खाली आला,
"बाळाचा गट बी आलाय.
आई ओ. बाप ओ, त्याचं कार्ड बघितलंय मी.
बाहेर सासू उभी आहे. काय सांगू?"

मला ती गॅलॅक्टोज दिसली,
रिकाम्या हातामागे
बी लपवून बसलेली, चोवीस वर्षं.
बापाकडून धाकटी मिळाली आणि लेकीत
ते उघड्यावर आलं, इतकंच.

"सिस्टर, आई ओ नाही," मी म्हटलं.
"कोणाशी बोलू नका, मी वर येते."
लाल पेनाने जुना गट खोडला,
वर शहराचं जुनं नाव लिहिलं,
खाली सही, तारीख,
आणि जिना चढायला लागले.
लिफ्ट बंदच होती.